मिस्त्री आहेत का घरात?

(पंचवटी, नाशिक येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मला बोलावलं तेव्हा विषय सांगितला होता 'स्त्रिया आणि तंत्रज्ञान'. एवढा मोठा विषय मला पेलणारा नाही. मी जे काम करते तेवढंच सांगते, त्यातून काय निघायचं ते निघेल.

माझ्याकडे बंद पडलेली, भंगारात निघालेली लाकूड कापायची मशीनं येतात. चेन-सॉ. आपल्याकडे कुणी त्याला कटर म्हणतं, कुणी नुसतं चेनचं मशीन. घराच्या पडवीत बसून मी ती उघडते, साफ करते, साखळीला कानस मारते, चालू करून परत देते. काही जुनी मशीनं विकत घेऊन, नीट करून विकते. जोडीला फवारणीचे पंप आणि गवत कापायची यंत्रंही येतात, कारण इंजिन एकाच जातीचं, टू-स्ट्रोक. नाशिकच्या आजूबाजूला द्राक्षबागा आहेत, जुनी बाग काढताना खोडं कापायला हे मशीन लागतं, पावसाळ्यात रस्त्यावर झाड पडलं तरी लागतं. म्हणून कामाला तोटा नाही.

मशीन घेऊन आलेला माणूस दारात उभा राहतो आणि विचारतो, "मिस्त्री आहेत का घरात?" मी म्हणते, "बोला ना, काय झालंय मशीनला?" तो आत डोकावत म्हणतो, "नाही वहिनी, मिस्त्रींशीच बोलायचं होतं." हातात माझ्या पाना, पदर खोचलेला, बोटं काळी. तरी त्याला मिस्त्री दिसत नाही. त्याचा मला आता राग येत नाही. कारण बारा वर्षं मलासुद्धा ती दिसली नव्हती.

माझे मिस्टर दुकानात पंप आणि कटर दुरुस्त करायचे. संध्याकाळी जेवणाच्या रिकाम्या डब्यातून चार-पाच कार्ब्युरेटर घरी यायचे. मुलं झोपली की मी ते उघडायचे, जाळ्या धुवायचे, पडदे बदलायचे, सकाळी पुन्हा डब्यात भरून द्यायचे. साखळ्यांना धार लावायची ती मीच. 'तुझा हात हलका आहे' असं म्हणायचे. ते खरंही होतं. एकदा घरी सर्वेक्षणाला माणसं आली. बाई काय करतात, असं विचारलं. मिस्टर म्हणाले, "ती घरीच असते." आणि मीसुद्धा मान डोलावली! त्या दिवशी सकाळी मी सहा साखळ्यांना धार लावून ठेवली होती.

यात त्यांना एकट्याला दोष देऊन भागणार नाही. शेतात राबणारी 'मालकाला हात लावते', कुंभारणीनं माती मळली तरी मडकं कुंभाराचं, विणकराच्या घरी बाईनं कांड्या भरल्या तरी साडी त्याची. सरकारचं २०२४ चं वेळ-वापर सर्वेक्षण सांगतं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. हे झालं स्वयंपाक-धुणं-भांड्यांचं. पण माझ्या सहा साखळ्या कुठल्या रकान्यात? त्या घरकामातही धरल्या नाहीत आणि धंद्यातही धरल्या नाहीत. आम्ही दोघंही त्याला 'मदत' म्हणत होतो.

पुढे मिस्टरांचा हात मोडला, दुकान तीन महिने बंद राहिलं आणि गिऱ्हाइकं घरी यायला लागली. तेव्हा मला कळलं की मला मशीनचे तुकडे येतात, अख्खं मशीन येत नाही. कार्ब्युरेटर येतो, पण मशीन का बंद पडलं हे सांगता येत नाही. ही गोष्ट मैत्रिणींनो, मला फार महत्त्वाची वाटते. बाईला कामाचा एक तुकडा दिला जातो, किचकट, वेळखाऊ, हलक्या हाताचा. निदान करणं, भाव सांगणं आणि पैसे घेणं हे तुकडे दुसऱ्याकडे राहतात. म्हणून मी पहिल्यांदा निदान शिकले. ते इथं थोडक्यात सांगते, कारण ऐकल्यावर तुमच्या लक्षात येईल की यात ताकदीचं काम फार थोडं आहे.

जुनं मशीन हातात आलं की आधी प्लगची वायर काढायची. मग प्लग काढून बघायचा. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. प्लगची फट साधारण अर्धा मिलिमीटर. मग प्लग परत बसवून, वायर मात्र बाहेरच ठेवून, दोरी हळू ओढायची. हाताला दाब लागला पाहिजे. दोरी सैलसर, फुकट आल्यासारखी आली तर सायलेन्सर काढून आतल्या भोकातून पिस्टन बघायचा. त्यावर उभे ओरखडे असतील तर बहुतेक वेळा कुणीतरी ऑइल न घालता नुसतं पेट्रोल भरून मशीन चालवलेलं असतं. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल मिळत नाही, पेट्रोलमधूनच मिळतं. कंपनी ५० ला १ म्हणाली तर लिटरला २० मिलि, २५ ला १ म्हणाली तर ४० मिलि. विकत घेताना असा ओरखडलेला पिस्टन दिसला तर भाव पाडा नाहीतर मशीन सोडून द्या.

बाकी बहुतेक मशीनं पिस्टननं नाही, पडून राहिल्यानं मरतात. टाकीत पेट्रोल तसंच ठेवलेलं असतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. रबरी नळी कडक होते, चिरते. टाकीतली गाळणी चिकट होते. कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा पापडासारखा ताठ होतो. तो मऊ पाहिजे, कारण तोच धडधडून पेट्रोल ओढतो. आत एक नखाएवढी जाळी असते, ती चोंदली की संपलं. हे सगळं बदलायचं सामान सुटं मिळतं. उघडताना पडदा आधी होता की पॅकिंग आधी होतं, ते लक्षात ठेवायचं. मोबाइलवर फोटो काढला की काम भागतं. मी मात्र अजून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडते, पापड वाळत घालतो तसं.

बाजूचे दोन छोटे स्क्रू असतात, एक सावकाश चालण्यासाठी, एक पूर्ण वेगासाठी. काढण्याआधी ते हलक्या हातानं आत पिळायचे आणि किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवायचं. बसवताना तेवढेच फेरे बाहेर. स्वेटर विणताना टाके मोजणारीला हे काय अवघड आहे?

मग साखळी. गोल कानस लागते, साखळीच्या मापाप्रमाणे ४, ४.८ किंवा ५.२ मिलिमीटर जाडीची. बहुतेक साखळ्यांना दाताशी ३० अंशाचा कोन धरायचा, आतून बाहेर ढकलायचं, परत ओढताना कानस उचलायची. प्रत्येक दाताला सारखे हात मारायचे. एकाला तीन आणि दुसऱ्याला सहा मारले तर मशीन लाकडात वाकडं जातं. दाताच्या पुढे एक उंचवटा असतो, तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो फार खाली गेला तर मशीन लाकडाला हिसके मारतं. धार बरोबर झाली की लाकडातून कपट्या उडतात. पिठासारखा भुसा पडला तर धार नाही. आपण विळीची धार अशीच ओळखतो की नाही?

आता धोक्याचं बोलू. घरी हे काम करताना सगळ्यात मोठा धोका साखळीचा नाही, पेट्रोलचा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते. पडवीत टाकी उघडी आणि आत गॅस पेटलेला, देवाजवळ निरांजन लावलेलं, असं कधीही करायचं नाही. आमच्या घरचा नियम आहे की मशीन उघडलं तर चूल बंद. हा नियम घरात मान्य करून घ्यायला मला मशीन शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले! कारण माझ्या कामासाठी जेवणाची वेळ बदलणं ही घरात नवीन गोष्ट होती.

दुसरं, चालू करून बघताना मशीन जमिनीवर ठेवायचं, मागच्या मुठीत पाय, साखळीचा ब्रेक लावलेला. हवेत लोंबकळत धरून दोरी ओढायची नाही. इंजिन सावकाश चालताना साखळी फिरत असेल तर ते मशीन गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन उसळून माणसाच्या तोंडाकडे येतं. ब्रेक त्याच्यासाठी असतो. ब्रेक मोडलेला असेल आणि गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या, नुसतं चालू करून द्या," तर मी नाही म्हणते. त्यावरून दोन-चार गिऱ्हाइकं तुटली. पण ते मशीन बागेत चालवणारा बहुधा मालक नसतो. पेठ-सुरगाण्याकडून आलेला मजूर असतो, आणि खाली फांद्या गोळा करायला त्याची बायको असते. माझ्या बिलावर ज्यांचं नाव कधी येणार नाही, त्यांच्या जिवाशी माझं काम बांधलेलं आहे.

तिसरं, आपले कपडे. पदर, ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या, लांब मंगळसूत्र, यातलं काहीही फिरत्या यंत्राजवळ नको. मी मंगळसूत्र काढून खुंटीला लावते तेव्हा शेजारणींनी नावं ठेवली. मी म्हटलं, नवऱ्याचं आयुष्य वाढवायला माझा गळा कशाला धोक्यात घालू? कानात बोळे घाला, हे मशीन शंभर डेसिबलच्या वर आवाज करतं. आणि गाडीतून काढलेलं जळकं ऑइल साखळीला घालू नका. हाताच्या कातडीला वाईट आणि जमिनीलाही.

धोका आहे म्हणून बाईनं हात लावू नये, असं म्हणणारे पुष्कळ. तो विचार कायद्यातही होता. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम २२ मध्ये, इजेचा धोका असेल तिथे, चालू यंत्राच्या मुख्य भागांची सफाई, तेल देणं, जुळवणी करणं याला स्त्रियांना आणि अल्पवयीन मुलांना मनाई होती. बघा, बाई आणि पोर एका ओळीत. त्यामागे हेतू चांगला असेल. पण ज्या यंत्राजवळ बाईला धोका आहे तिथे पुरुषाची बोटं काय लोखंडाची असतात? यंत्र सुरक्षित करण्याऐवजी बाईला बाजूला केलं, आणि बाजूला करताना जास्त पगाराच्या कामातूनही बाजूला केलं. तो कायदा आता नव्या संहितेत गेला. २०२० ची ही व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिनं स्त्रियांना सगळ्या प्रकारच्या कामांचा हक्क मान्य केला. त्याचं स्वागत. मात्र आमची पडवी जुन्या कायद्यात नव्हती आणि नव्यातही तिला कुणी विचारत नाही. तिथला नियम आपणच करायचा आणि आपणच पाळायचा.

गमतीची गोष्ट सांगते. गमतीची तरी कशी म्हणू? साखळीला दात लावून कापायची कल्पना लाकडासाठी निघाली नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी हाडं कापायला हातानं ओढायची दातेरी साखळी केली. एटकिनच्या सुईणपणाच्या पुस्तकात तिचं चित्र आहे. अडलेल्या बाळंतिणीच्या ओटीपोटाचा सांधा कापून बाळाला वाट करून द्यायची शस्त्रक्रिया तेव्हा चर्चेत होती, त्यासाठी ती सुचवली होती. आजचं पेट्रोलचं मशीन काही तिची सरळ लेक नाही, ते १९२० च्या दशकात जर्मनीत लाकूडतोडीसाठी झालं. पण हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हत्यार बाईच्या अंगावर चालवायचं तेव्हा कुणी म्हटलं नाही की हे बायकांच्या जवळ नको. हत्यार बाईच्या हातात यायची वेळ आली तेव्हा मात्र तिची काळजी वाटायला लागली.

आता एक अवघड प्रश्न. तो आपल्यातल्याच एका मैत्रिणीनं मला विचारला होता. म्हणाली, "२६ मार्च १९७४ ला रैणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या. आपण त्यांचा वारसा सांगतो. आणि तू झाडं कापायची मशीनं दुरुस्त करतेस?" २०२५ च्या अखेरीला इथं आपल्या तपोवनात, कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायचा प्रस्ताव आला आणि नाशिककर रस्त्यावर आले, तेव्हा हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. मीही तिथे जाऊन उभी राहिले. आणि घरी आले तर पडवीत तीन कटर वाट बघत होते.

माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही. मी विचारते, कुठल्या कामाला मशीन लागतंय. शहरातलं झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे सांगते. पण 'बाग काढायचीय' म्हणणारा पुढे काय कापतो, हे मला कळत नाही. काही बायकांना वाटतं की हे काम सोडावं. मला वाटतं, मशीन माझ्या पडवीतून गेलं नाही तर दुसऱ्या दुकानातून जाईल, पण विचारणारं कुणी राहणार नाही. हे मी स्वतःची समजूत घालण्यासाठी म्हणते का, हेही मी तपासत असते. तुम्हीही मला विचारत राहा. एक मात्र खरं, जुनं मशीन दुरुस्त झालं की नवीन एक कमी लागतं, आणि भंगारात जाणारं लोखंड, प्लॅस्टिक आणखी दहा वर्षं उपयोगी पडतं.

शेवटचा मुद्दा नावाचा. आग्रा रोडनं इथून तास-दीड तासावर चांदवड आहे. तिथे नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतरच्या काही वर्षांत शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' हा कार्यक्रम घेतला. नवऱ्यानं जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करून द्यायचा, तिच्या कष्टाचं देणं म्हणून. त्यात काय साधलं आणि काय राहिलं यावर आपल्यात वाद होऊ शकतो. पण एक गोष्ट तिथे स्पष्ट झाली की शेतात कष्ट असणं आणि सातबाऱ्यावर नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांचं काय? त्यांचा सातबारा म्हणजे हत्यारांची पेटी, बिलबुक आणि पाटी. ती कुणाच्या नावावर आहे?

उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गावच्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यातल्या पुष्कळजणी दलित, अक्षरओळख नसलेल्या. पाणी भरायचं काम जन्मभर त्यांचं, पण पंपाचा पाना दुसऱ्याच्या हातात होता. तो हातात आल्यावर त्यांना लिहा-वाचायची गरज वाटली, कारण सामानाचा हिशेब ठेवायचा होता. म्हणजे पान्यामागून पाटी-पेन्सिल आली. आपण नेहमी उलट्या क्रमानं विचार करतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तुमच्या गटातल्या बायका घरात काय काय दुरुस्त करतात, त्याची आधी यादी करा. शिलाई मशीन, मिक्सर, पंप, सायकल, काहीही. त्यातल्या कुणाकुणाला तुकडा येतो आणि कुणाला अख्खं काम येतं, ते बघा. अख्खं शिकवायला दोघी-दोघींना पाठवा, एकटीला पाठवू नका, ती टिकत नाही. हत्यारं तिच्या पैशानं, तिच्या नावानं घ्या. उद्यम नोंदणी फुकट होते, आधार लागतं, ती तिच्या नावानं करा. आणि बिल तिच्या सहीचं. मी पहिलं बिलबुक छापून आणलं तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. मिस्टर म्हणाले, "माझं नाव काढून टाकलंस?" मी म्हटलं, "तुमचं नाव दुकानावर आहेच, ते तिथं राहू द्या. हे पडवीचं बिल आहे." आता तेच गिऱ्हाइकाला सांगतात, "साखळीचं असेल तर घरी जा, तिथल्या मिस्त्री वेगळ्या आहेत."

गेल्या बुधवारी गंगेवरच्या बाजारातून येताना एक मुलगा घरापर्यंत मागे आला, खांद्यावर कटर. दारात मला बघून म्हणाला, "मावशी, मिस्त्री तुम्हीच ना?"

बाहेर टेबलावर एक जुनं मशीन ठेवलंय. टाकी रिकामी आहे, साखळी काढलेली आहे. चहा झाला की या, एकेकीनं उघडून बघा. हात काळे होतील, साबण ठेवलाय.

एवढं बोलून मी थांबते.